खळीतल्या गुठळ्या

सोमवारी दुपारी तू ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होतीस आणि मी तुला पुस्तक वाचून दाखवत होतो. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून, वर्षभर, जेवणं झाली की आपण तेच करत होतो. तू शेंग बोटांनी चाचपायचीस, दाणे सुपात टाकायचीस, टरफल मांडीजवळ. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचायचो. मी दुसरी शिकलेला माणूस, उभा जन्म चिंचवडच्या रुळांवर घण मारण्यात गेला. जोडाक्षर आलं की माझी गाडी थांबायची आणि तू पुढचा शब्द सांगून मोकळी व्हायचीस. ते पुस्तक तू डोळे चांगले असताना एकदा वाचलेलं होतंस.

शरीराचं पुस्तक होतं, वाचनालयाचं. काळीज कसं चालतं, रक्त कुठून कुठं जातं, असलं सगळं. त्या दिवशी आपण मूल कसं होतं त्या प्रकरणात होतो. मी एक पान वाचलं, उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो. तुझा हात थांबला.

"आवं, मधलं सुटलं."

"कुटं काय? सरळ तर वाचतोय."

"बघू इकडं."

तू पदराला हात पुसून पुस्तक मांडीवर घेतलंस. कापड घेताना पोत बघावा तसं ते पान दोन बोटांत धरून चोळलंस.

"पानं चिकटल्यात."

"व्हय. जुनं हाय पुस्तक. चिकटत्यात."

तू पानावरनं पुन्हा एकदा बोट फिरवलंस. मग पुस्तक माझ्याकडं देत म्हणालीस, "खळ शिजवताना हात थांबवू न्हाई. गुठळ्या राहत्यात."

मला वाटलं, म्हातारीचं चित्त दुसरीकडंच लागलंय. मी विचारलं, "वाचू का पुढं?"

"वाचा की."

मी वाचलं. पावटे सोलून झाले. "पडते जरा," म्हणून तू आत गेलीस. चहाच्या वेळेला मी हाक मारली, नेहमीसारखी, "आगं, उठतीस का?" दोनदा मारली. तिसऱ्यांदा आत येऊन मारली.

आता मला बसवत नाही. लिहायला बसलो की दोन ओळींनी उठतो, अंगणात जातो, परत येतो. आजच चार वेळा झालं. वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "आमच्या भिंतीवरच्या हस्तलिखितासाठी वहिनींच्या आठवणी लिहा. जन्म कुठला, माहेर कुठलं, लेकरं किती, स्वभाव कसा." मी म्हटलं, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी जे गावाला ठाऊक नाही ते लिहितो. लावायचं तर लावा भिंतीवर. मास्तरांना वाटलं मी दुःखात बोलतोय.

तर आधी हे लिहितो. वाचनालयाच्या वहीत माझ्या नावावर जेवढी पुस्तकं आहेत तेवढी सगळी तू वाचलीस. मी एकही नाही.

तू वाचायला कधी शिकलीस हेसुद्धा मला उशिरा कळलं. धाकटी इंदू पाटीवर अक्षरं गिरवायची आणि तू जात्यावर बसून तिच्याकडून म्हणवून घ्यायचीस. मी समजायचो, पोरीचा अभ्यास घेतेय. एकदा साहेबानं मला एक कागद दिला होता. तो घेऊन मी वाचून घ्यायला चावडीवर निघालो, तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "कशाला जाताय? बुधवारी तळेगावला काम हाय, म्हनून लिवलंय." मी कागदाकडं बघितलं आणि तुझ्याकडं बघितलं. तू तव्याकडं बघत होतीस. खरं सांगतो, मला तेव्हा कौतुक नाही वाटलं. राग आला. आपल्या घरात आपल्याला न विचारता कुणी येऊन बसावं तसं झालं.

मग मास्तरांनी देवळामागच्या खोलीत वाचनालय काढलं. बायका तिथं जायच्या नाहीत. अडवलं कुणी नव्हतं, पण जायच्या नाहीत. म्हणून सभासद मी झालो. तू सांगशील ते पुस्तक मी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणायचो आणि वाचून झालं की परत द्यायचो. मास्तर विचारायचे, "कसं वाटलं पुस्तक?" मी म्हणायचो, "बरंय." पुढं पुढं तूच मला सांगून धाडायला लागलीस, "म्हनावं, शेवट घाईनं केलाय." मी तसं म्हणायचो आणि मास्तर मान डोलवायचे. चारचौघांत सांगायचे, रुळावर घण मारणाऱ्याची समज बघा.

फाटकी पुस्तकं मास्तर माझ्याच हाती दुरुस्तीला द्यायचे. तीही तूच चिकटवायचीस. वस्त्रगाळ गव्हाचं पीठ, पाणी, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि मंद जाळावर ढवळत बसायचं. तुझी ती खळ काचेसारखी यायची. जुनं चिकटलेलं पान सोडवायचं तर वाफेवर धरायचं, हेही तुझ्याकडंच बघितलेलं.

वर्षातनं एकदा, वाचनालयाच्या सभेत, सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला नारळ आणि उपरणं द्यायचे. मला तीनदा मिळालं. पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा तू दारात उभी होतीस.

"पुस्तकं मी वाचली, नारळ तुमी आनला," म्हणालीस. "आता फोडायचा कुनी?"

मी हसलो. तूही हसलीस. नारळ तूच फोडलास, वाटीतलं पाणी मला दिलंस. पण उपरणं माझ्या खांद्यावरच राहिलं. दुसऱ्या वर्षी तू हसली नाहीस. तिसऱ्या वर्षी काही बोललीच नाहीस, खोबरं मात्र चटणीला वापरलंस. दर वेळी सभेत उठताना मला वाटायचं, आता सांगावं. मग लोक टाळ्या वाजवायचे आणि मी खाली बसायचो.

बरं, तू वाचून सोडून देणारी बाई असतीस तर एक वेळ चाललं असतं. तू वाचलेलं घरात आणायचीस.

पिंपरीला औषधाचा कारखाना झाला तेव्हा गावात बोलणं उठलं की तिथं बुरशीपासून औषध करतात. आम्ही पारावर बसून हसलो. मी घरी येऊन तुला म्हटलं, "मंग आपल्या दुरडीतल्या शिळ्या भाकरीनं काय पाप केलंय? ती चाट की, ताप जाईल." तू म्हणालीस, "भाकरीनं काय न्हाई केलं. तुमी वाचलं न्हाई, एवढंच." आणि मग तासभर मला समजावलंस, बुरशी कशी निवडतात, कशी वाढवतात. मी मुद्दाम आडवं बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी पारावर गेलो आणि तुझंच सगळं माझं म्हणून सांगितलं.

आपली मधली शेवंता पोटुशी म्हणून सासरहून, माणहून आली होती आणि नेमकं ग्रहण आलं. माझी थोरली बहीण आक्का सकाळपासून दारात बसलेली. "पोरी, हलू नगंस, काय चिरू नगंस, पोराला खोट ऱ्हाईल." तू काही वाद घातला नाहीस. विळी घेतलीस, शेपूची जुडी घेतलीस, पोरीच्या पुढ्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "चीर. मी हाय बाजूला." आक्का कपाळावर हात मारून गेली. बाळंतपण होईपर्यंत दीड महिना मी झोपेतून दचकून उठत होतो. तूही घाबरली होतीस, नाही म्हणू नकोस. पाठ फिरवून देवाला हात जोडताना मी तुला बघितलं होतं. पण विळी तू दिलीस. नात झाली तेव्हा आक्कानं तिचे कान, नाक, बोटं पुन्हा पुन्हा मोजली आणि मोजून झाल्यावर नुसतीच "गुणाची हाय" म्हणाली. मी तेव्हा तुला काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. बाहेर जाऊन बिडी ओढली.

पुन्हा उठलो होतो. गोठ्यापर्यंत जाऊन आलो. गोठ्यात आता काही नाही, तरी गेलो. पुढचं लिहायचंय ते टाळतोय, दुसरं काही नाही.

ते शरीराचं पुस्तक पहिल्यांदा घरात आलं त्याला तीन वर्षं झाली. तू आठ दिवस वाचत होतीस. एक दिवस मी जेवायला बसलो होतो. तू भाकरी ताटात टाकलीस आणि म्हणालीस, "आवं, पोरगा का पोरगी ते बाईच्या हातात नसतं म्हने. गड्याच्या बीजावर ठरतं. पुस्तकात लिवलंय."

मी म्हटलं, "छापलंय म्हनून खरं का?"

"श्रावणात पोथी ऐकताना हात जोडता, ती काय हातानं लिवलीया?"

"पोथीचं निराळं."

"असंल. पन मला लई बरं वाटलं वाचून."

एवढंच बोललीस. मला दोष दिला नाहीस, आईचं नाव काढलं नाहीस. बरं वाटलं म्हणालीस. आणि मी ताट सारलं. म्हटलं, "आता म्हातारपणी मला नामर्द ठरीवतीस व्हय?" दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू पुस्तक माझ्या हातात दिलंस, "देऊन या," म्हणालीस. मी देऊन आलो.

आपल्याला तीन पोरी. चंद्रा झाली तेव्हा आई म्हणाली, पहिली बेटी चालते. शेवंता झाली तेव्हा गप्प बसली. इंदूच्या वेळी आईनं पाचवी पुजायला नकार दिला. तूच ओल्या अंगानं उठून पाटा मांडलास, हळदकुंकू वाहिलंस आणि पोरीला पदरात घेऊन पाट्यासमोर बसलीस. मी बाहेर फावड्याचा दांडा बसवत होतो. तो दांडा अगोदरच बसलेला होता. आई आतून ऐकू जाईल असं बोलत होती, "हिच्या कुशीतच खोट हाय." आक्का तिच्या बोलण्यात आपलं बोलणं मिसळत होती. मी दांडा ठोकत होतो. त्यानंतर आई मरेपर्यंत, बारा वर्षं, तू ते ऐकलंस. मी कधी म्हटलं नाही की आई, पुरे.

आणि एक आहे. हे तुला सांगायचं राहिलं आणि आता सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. इंदू चार महिन्यांची असताना मी मिरच्या आणायला म्हणून चाकणच्या बाजाराला गेलो होतो. खरं तर मुलगी बघायला गेलो होतो, दुसरी करायला. मामा बरोबर होता. मुलीच्या बापानं आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "पयली नांदती हाय. तिच्या डोक्यावर मी माजी पोरगी देणार न्हाई." आम्ही उठून आलो. घरी आईनं तुझ्यादेखत नाक मुरडून सांगितलं, "पोरगी बघून आलं, न्हाई जमलं." तुला वाटलं, मी नाही म्हणालो. त्या संध्याकाळी तू माझ्या भाकरीवर तूप वाढलंस. घरात तूप पोरींपुरतंच असायचं. मी ते खाल्लं. मी नाही म्हणालो नव्हतो. तिकडून नाही आलं होतं. तुला हे पुढं कधी कळलं का, हे मला माहीत नाही. तुझी बोटं पानावर फिरायची तशी माझ्यावरनंही फिरत असतील तर कळलंही असेल.

तुझे डोळे गेल्यावर तू म्हणालीस, आता तुम्ही वाचा. मी म्हटलं, मला कुठं येतंय. "येतं की, नारळ मिळालेत तीन," म्हणालीस. तेव्हा पहिल्यांदा मी पुस्तक खरं वाचायला लागलो, साठीच्या पुढं. अडखळत, चिडत. पण हळूहळू मला दुपारची वाट बघावीशी वाटायला लागली. एका पुस्तकात समुद्र होता. मी समुद्र बघितलेला नाही, पण तो वाचून झाल्यावर दोन दिवस नदीवर जाऊन बसलो. तुझं इतकी वर्षं काय चाललं होतं ते मला तेव्हा समजलं. मी रोज संध्याकाळी कामावरून ज्या घरात येत होतो त्या घरात तू फार लांबून येऊन बसलेली असायचीस.

तर यंदा तू तेच पुस्तक पुन्हा मागितलंस. "शरीराचं आना," म्हणालीस. मी समजलो. रोज एक प्रकरण वाचायचं ठरलं. मी पुढं पानं उलटून बघितलं, ते पान कुठं आहे. तू न्हाणीत असताना मी ते मनातल्या मनात वाचून काढलं. जोडाक्षरांसकट. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं तुला. आणि मला ते माझ्या तोंडून काढायचं नव्हतं.

मी खळ केली. तुझ्या डब्यातलं पीठ घेतलं, चुलीवर ठेवलं, कुणी येईल म्हणून घाईनं ढवळलं आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. वर पाटा ठेवला. आंधळ्या बाईला फसवायला एवढं पुष्कळ आहे असं मला वाटलं. ज्या बाईनं आख्ख्या वाचनालयाची पानं चिकटवली तिला.

सोमवारी दिवस मावळायच्या आत आम्ही तुला पवनेच्या काठी पोचवून आलो. मंगळवारी सकाळी मी उठलो तेव्हा तिन्ही पोरी आल्या होत्या, चाकणहून, माणहून, निगडीहून. आक्का भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड होती. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नसते, भावकीतून भाकरी येते. सगळ्या बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. सुपात तू सोललेले पावटे तसेच होते.

मी ते पुस्तक घेतलं, बोट फिरवलं. पानाच्या मधोमध बारीक बारीक खडे लागले, तांदळात लागावेत तसे. खळीतल्या गुठळ्या. आणि मग तुझं ते बोलणं मला कळलं. ते तुझं माझ्याशी शेवटचं भांडण होतं आणि मी विचारलं होतं, वाचू का पुढं.

मी लाकडं घेतली आणि चूल पेटवली.

आक्का ओरडली, "आरं, काय करतोयस? सुतक हाय! चहा पायजे तर शेजारनं आनू."

"चहा नगं. पाणी ठेवतोय."

"कशाला?"

"पुस्तकाला वाफ द्यायची हाय."

आक्कानं चंद्राकडं बघितलं. चंद्रा उठून माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "दादा, चला बाहेर, वाऱ्याला बसा." तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तूच बस. तिघीबी बसा. आक्का, तूबी हो पुढं."

पाण्याला वाफ आली. मी पान वाफेवर धरलं. बोटं भाजली. पान हळूहळू सुटत आलं, पण जिथं गुठळी होती तिथं कागद फाटला आणि तीन-चार शब्द दुसऱ्या पानाला चिकटून गेले. मी चुलीपुढं उकिडवा बसलो आणि मोठ्यानं वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. की मुलगा होणार की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं. की ह्यात आईचं काही चालत नाही. पुढच्या ओळीला मी फाटलेल्या जागी आलो. तिथं शब्द नव्हते. मला ती ओळ पाठ होती, चोरून वाचली तेव्हाच झाली होती. पण माझ्या तोंडून पुस्तकातलं आलं नाही.

मी म्हणालो, "गिरजाचा दोष न्हाई."

चाळीस वर्षांत मी तुझं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर आगं, चंद्राची आई, घरातली. पोरी माझ्याकडं बघत राहिल्या. इंदूनं तोंडात पदर कोंबला. आक्का खाली बघत होती आणि जमिनीवर बोटानं काहीतरी रेघोट्या ओढत होती. मग तीच म्हणाली, "परत वाच. मला नीट ऐकू न्हाई आलं." तिला ऐकू आलं होतं. मी परत वाचलं.

त्यानंतर कुणी चुलीबद्दल बोललं नाही.

पान फाटलं होतं आणि पुस्तक वाचनालयाचं होतं. चूल पेटलेलीच होती. मी तुझा डबा काढला, पीठ वस्त्रातून गाळून घेतलं, चिमूटभर मोरचूद टाकलं, पातेलं मंद जाळावर ठेवलं. शेवंता म्हणाली, "द्या दादा, मी करते." मी दिलं नाही. बाहेर माणसं भेटायला येत होती, मास्तरांचा आवाज आला, कुणीतरी मला हाक मारली. मी उठलो नाही. हात न थांबवता ढवळत राहिलो.